पाहिंगच्या दिवशी दिवा जातो

पाक वागिनोंकडे माझे पहिल्यांदा लक्ष गेले ते सकाळच्या मिनीबसमध्ये. डोंगरावरच्या आमच्या करांगदुवुर गावाहून खाली शहरात जाणारी ती गाडी. समोरासमोर दोन बाकडी, त्यांवर आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसतो. माझ्यासमोर एक उंच, वाळका म्हातारा बसला होता. धुवून विरलेला बाटिकचा सदरा, डोक्यावर काळी टोपी, आणि मांडीवर मूल बांधायच्या ओढणीत गुंडाळलेले काहीतरी. वळण आले की तो त्या गाठोड्याभोवती हात आवळून धरी. थोड्या वेळाने त्याने ओढणीची एक कड बाजूला केली, आत डोकावून पाहिले आणि कड पुन्हा खोचली. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली आहे ना, हे पाहताना माणूस जसा आवाज न करता वाकतो, तसा तो वाकला होता.

सगळा जन्म वर्गात काढलेल्या बाईला दुसऱ्याच्या दप्तरात काय आहे हे पाहिल्याशिवाय राहवत नाही. मीही जरा पुढे झुकले. ओढणीत एक जुना लॅपटॉप होता, झाकण मिटलेला. त्याच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा दिवा होता. तो हळूहळू उजळे आणि हळूहळू मावळे, श्वास घेतल्यासारखा.

म्हाताऱ्याने माझी नजर पकडली आणि ओशाळून हसला.

"झोपलाय," तो म्हणाला.

"कोण?"

"हा. आज नीट झोपलाय."

मी गावात नवीन नव्हते, पण नोकरी दुसरीकडे झाली आणि निवृत्तीनंतर घरी परतले, त्यामुळे माणसे पुन्हा ओळखून घ्यायची होती. मुलगी शहरात राहते. तिची लहानगी सांभाळायला मी रोज सकाळी खाली जाते. गाव मला बू गुरू, म्हणजे शाळेतल्या बाई, म्हणते. तसेच त्यांना पाक वागिनो म्हणते, पाक म्हणजे वडीलधारे गृहस्थ, पण वयाच्या मानाने जो मान द्यायचा त्यापलीकडे त्यांच्याबद्दल फारसे कोणी बोलत नसे. घाटाच्या वळणावर, रस्त्याला चिकटून त्यांचे घर आहे. त्यात ते एकटे राहतात.

तरुणपणी ते केतोप्राक या आमच्याकडच्या लोकनाट्याच्या मंडळीत होते. नट नव्हेत. दिवेवाले. वीज नसलेल्या गावांतून मंडळी फिरायची तेव्हा रंगमंचावरच्या गॅसबत्त्या पेटवायच्या, खेळ चालू असताना पडद्याआडून त्यांना पंप मारत राहायचे, एखादी मंदावली तर खाली उतरवून पुन्हा वर चढवायची, हे त्यांचे काम. मंडळीची राणी होत्या बू सुमीराह. राणीची सगळी कामे त्याच करत. किनाऱ्यावरच्या एका लहानशा राज्याची राणी आणि तिचा सेनापती, हे मंडळीचे गाजलेले नाटक. सेनापतीचे काम पाक गोंदो करत. गावोगावच्या बायका त्या दोघांचे लग्न झालेले आहे असे धरून चालत. प्रत्यक्षात बू सुमीराहनी लग्न केले ते दिवेवाल्याशी. मंडळीतल्या लोकांना ते बरीच वर्षे कोडे वाटत होते म्हणे.

मंडळी मोडली, पाक गोंदो वारले, आणि पुढे बू सुमीराहंची स्मृती जाऊ लागली. आधी भाजीतले मीठ, मग घराकडची वाट. एका सकाळी त्या अंथरुणातून उठल्या आणि शेजारी नवऱ्याला पाहून ओरडत रस्त्यावर आल्या, की घरात परका पुरुष शिरला आहे. शेजारी धावले. पाक वागिनो दारात उभे होते, हात जोडून, आपणच चोर असल्यासारखे. त्यानंतर भाच्यांनी ठरवले आणि बू सुमीराहना शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवले. तिथे त्या कोणाला भीत नाहीत, पण कोणाशी बोलतही नाहीत. पाक वागिनो रोज सकाळी जातात.

हे सगळे मला गाडीत थोडे थोडे कळले. लॅपटॉपचे मला प्रिहने सांगितले.

प्रिह, म्हणजे प्रिहांदोको, बसथांब्यासमोर झेरॉक्सचे दुकान चालवतो. माझ्या हाताखालून गेलेला विद्यार्थी. पाक वागिनो त्याला मास म्हणतात, म्हणजे दादा. शाळेत असताना त्याने विजेची घंटा आत काय आहे म्हणून उघडली होती आणि दोन दिवस शाळा हाताने घंटा वाजवून चालली. आता त्याच्या दुकानात मागच्या भिंतीला भंगारातून आणलेले लॅपटॉप रचलेले असतात. त्यांत तो लिनक्स घालतो आणि गरजूंना स्वस्तात देतो. महिन्यातून एकदा त्याच्यासारखीच चार डोकी दुकानात जमतात, तळलेला तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, खातात आणि कोणाचा लॅपटॉप का रुसला यावर भांडतात.

पाक वागिनो त्याच्याकडे आले ते कॅसेटी घेऊन. शहरातल्या रेडिओने पूर्वी त्या नाटकाचे ध्वनिमुद्रण केले होते, त्याच्या प्रती मंडळीला दिल्या होत्या. एका कॅसेटीच्या फितीला बुरशी धरली होती. प्रिहने ती कापसाने पुसून काढली, सगळे नाटक लॅपटॉपमध्ये उतरवले, आणि पडद्यावर दिसायला त्या मंडळीच्या रंगमंचाचा एक जुना फोटो लावून दिला, त्यात मधोमध दोन गॅसबत्त्या भरभरून जळत आहेत.

"फक्त एक लक्षात ठेवा, पाक," प्रिहने त्यांना सांगितले. "बंद कधी करायचा नाही. नाटक जिथं थांबवाल तिथं थांबवा आणि झाकण मिटा. तो झोपेल. दुसऱ्या दिवशी झाकण उघडा, हे लांब बटण दाबा, नाटक तिथूनच पुढं चालू."

"उठवलं की चिडणार नाही ना?"

"तो माणूस नाही, पाक. चिडत नाही."

बोटाने सरकवायची ती पट्टी मात्र पाक वागिनोंना जमेना. जन्मभर तापलेली काच हाताळून त्यांच्या बोटांची टोके घट्ट आणि गुळगुळीत झाली आहेत. लॅपटॉपला ती बोटे कळतच नसत. मग प्रिहने बिनतारी माउस दिला आणि त्याचा नखाएवढा तुकडा लॅपटॉपच्या कुशीत खोचून ठेवला.

पहिल्या दिवशी वृद्धाश्रमात नाटक लागले आणि सेनापतीचा आवाज आला, तेव्हा बू सुमीराहनी मान वर केली. राणीचे वाक्य यायच्या आधी त्यांनी ते स्वतः म्हटले. सगळे, एक शब्द न चुकता. कितीतरी महिन्यांनी त्यांचा आवाज ऐकून तिथली सिस्टर स्वयंपाकघरातून धावत आली.

"पण माझ्याशी नाही बोलत हो," पाक वागिनो मला गाडीत हसत हसत म्हणाले. "गोंदोशी बोलते. मी काल मध्येच म्हटलं, मिराह, मी गिनो. तर फोटोकडं बघून म्हणते कशी, सेनापती, हा कोण मनुष्य दरबारात शिरला? बाहेर काढा याला."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? राणीचा हुकूम. जाऊन व्हरांड्यात बसलो."

त्यांना त्यात विनोद दिसत होता, किंवा मला दिसावा असे वाटत होते. पण ती बोलते, एवढ्यावर त्यांचा दिवस उभा राहत असे. म्हणून तो पांढरा दिवा. तो श्वास घेत असला तर नाटक होणार. नसला तर लॅपटॉप रात्रीतच संपला.

आणि तो अधूनमधून संपत असे. संध्याकाळी पूर्ण भरलेला, सकाळी ठार मेलेला. रात्री तारेला लावून ठेवायचा प्रश्न नव्हता. आमच्या डोंगरावर विजा पडतात, पाक वागिनोंचा टीव्ही अशाच एका रात्री गेला होता, तेव्हापासून झोपण्याआधी घरातला प्रत्येक प्लग काढायचा हा नेम. वृद्धाश्रमात व्हरांड्याच्या भिंतीला प्लग आहे. "तिथं लावत का नाही?" असे मी विचारले तेव्हा ते माझ्याकडे असे पाहू लागले की जणू मी कोणाच्या ताटातला घास उचलायला सांगितला.

"त्यांची वीज," ते म्हणाले. "मिराहचं सगळं करतात ती माणसं. वर वीज कुठं मागायची?"

"मागा की. नाही म्हणणार नाहीत."

"तेच तर. नाही म्हणायची त्यांना भीड पडेल."

आम्ही सगळे असेच वाढलो आहोत.

शेवटी प्रिहकडे जायलाही त्यांनी बराच काळ लावला. प्रिह घरी आला, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. त्याने नंतर मला दुकानात सगळे ऐकवले. आपली हुशारी ऐकवायला त्याला अजूनही बाईच लागतात.

"झोपेचे दोन प्रकार असतात, बू गुरू. एक डुलकी, एक गाढ झोप. डुलकीत निम्मं यंत्र जागंच असतं, बॅटरी पीत राहतं. त्यांचा लॅपटॉप रात्रभर डुलक्या काढत होता. मी त्याला गाढ झोपायला शिकवलं. वायफाय, ब्लूटूथ, सगळं झोपायच्या आधी बंद केलं. बॅटरी म्हातारी आहे, पण तिच्यात एवढा दम आहे."

"मग झालं बरं?"

"आठवड्यानं विचारलं, म्हणाले, झालं, मास, फार उपकार झाले. परत विचारलं, तरी तेच."

पण मी गाडीत होते. आणि त्यानंतरही एका सकाळी ओढणीच्या आत तो दिवा मेलेला होता.

"प्रिहला सांगितलं नाहीत?"

"दोन संध्याकाळी बसला होता बिचारा," पाक वागिनो म्हणाले. "चहासुद्धा थंड झाला त्याचा. आता कोणत्या तोंडानं सांगू, की नाही झालं?"

"तो दुरुस्त करायलाच आला होता ना?"

"झालं म्हटल्यावर किती आनंदानं गेला तो. तुम्ही पाहायला हवं होतं."

त्यांचे असे आहे. त्यांनी प्रिहचा आनंद राखला आणि आपला अंधार घरी नेला. दुरुस्तीच्या निमित्ताने प्रिह संध्याकाळचा येऊन बसे, दोन घोट चहा घेई. झाले म्हटल्यावर तेही थांबले. वळणावरच्या त्या घरात दुसरे कोणी येत नसे.

मी तशी चौकस आहे, पण यंत्रातले मला काही कळत नाही. मला कळते ते एवढेच, की वर्गात एखादे मूल ठरावीक दिवशी गैरहजर राहत असेल तर त्या दिवशी त्याच्या घरी काय असते ते पाहावे. एका सकाळी मी गाडीत शिरले तर बसायला जागा नव्हती. टपावर कोंबड्यांच्या पाट्या, पायांत दोन बकऱ्या, आणि कंडक्टर ओरडत होता, "सरका, सरका, बकरीनं तिकीट काढलंय, तुम्ही नाही!" मी एका पोत्यावर टेकले आणि समोर पाहिले. पाक वागिनो ओढणीची कड खोचत होते. चेहऱ्यावरूनच कळले. दिवा गेला होता.

तेव्हा माझ्या मनात आले, की मागच्या वेळी दिवा गेला होता तेव्हाही माझ्या चपलेवर बकरी उभी होती. आणि त्याच्या आधीही.

तो दिवस पाहिंगचा. आमच्याकडे सात वार जसे मोजतात तसे पाच बाजारवारही मोजतात, आणि दर पाहिंगला खालच्या गावात जनावरांचा बाजार भरतो.

मी दुपारी प्रिहच्या दुकानात गेले.

"त्यांचा लॅपटॉप अजून जातो," मी म्हटले. "पाहिंगला जातो."

प्रिह हसत सुटला. "बू गुरू! लिनक्सला सोमवार-मंगळवार कळतो. पाहिंग त्याला कोणी शिकवला?"

"ते तू शोध. तुझी लेकरं आहेत ती."

"आणि पाक तर म्हणाले होते की झालं बरं."

"पाक तुला काय म्हणणार होते?"

त्याचे हसू थांबले. तोही याच गावचा. त्याने शर्टाची बाही खाली केली, दुकान शेजाऱ्यावर सोपवले आणि माझ्याबरोबर वळणावरच्या घरी आला.

पाक वागिनोंनी आम्हाला पाहिले आणि आधी चहाचे पाणी ठेवले. अपराधी माणसासारखे ते पुन्हा पुन्हा सांगत होते, "खरंच बरंच बरं आहे, मास. पुष्कळ बरं आहे."

"हो, पाक. मी नुसता भेटायला आलोय त्याला," प्रिह म्हणाला आणि लॅपटॉप तारेला लावून पाहू लागला.

लिनक्स सगळे लिहून ठेवते म्हणे. कधी झोपलो, कधी उठलो, कोणी उठवले. प्रिह वाचत गेला आणि त्याच्या भुवया वर चढत गेल्या. रोज रात्री झाकण मिटले की लॅपटॉप गाढ झोपत होता, त्याने शिकवल्याप्रमाणे. पण पाहिंगच्या आदल्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, त्याला कोणीतरी उठवत होते. आणि उठल्यावर तो पुन्हा झोपत नव्हता. बंद झाकणाआड सकाळपर्यंत जागा राहत होता, बॅटरी संपेपर्यंत.

"कोण उठवतं याला?" प्रिह म्हणाला. "पाक, त्या वेळी काय होतं इथं?"

"इथं? काही नाही. मी झोपलेला असतो."

"भूतबीत?"

"भूत असतं तर गप्पा मारल्या असत्या," पाक वागिनो म्हणाले.

तेवढ्यात वरून लाकडाचा ट्रक आला. वळणावर त्याने गिअर बदलला, आणि कपाटातले चहाचे पेले एकमेकांवर किणकिणले. पाक वागिनोंना त्याचे काही नव्हते, जन्मभराची सवय. पण प्रिहने टेबलाकडे पाहिले. लॅपटॉपशेजारी माउस पडला होता. त्याच्या पोटाखालून लाल उजेड झिरपत होता.

प्रिहने लॅपटॉपचे झाकण मिटले. पांढरा दिवा श्वास घेऊ लागला. मग प्रिहने मूठ आवळली आणि टेबलावर धाडकन मारली.

पांढरा दिवा श्वास घ्यायचा थांबला आणि डोळा वटारल्यासारखा स्थिर जळू लागला.

"उठला!" प्रिह ओरडला आणि माझ्या पाठीवर थाप मारणार होता, पण मी बाई असल्याचे ऐनवेळी आठवून त्याने ती टेबलावरच पुन्हा मारली. "बकऱ्यांचे ट्रक, बू गुरू! पाहिंगच्या रात्री एकामागून एक उतरतात. टेबल हादरतं, माउस कापतो, माउसला वाटतं आपल्याला कोणी हलवलं, तो लॅपटॉपला उठवतो. एरवीचा एखाददुसरा ट्रक दिवसा जातो, तेव्हा लॅपटॉप इथं नसतो, नाहीतर तारेला असतो."

इतका सोपा उपाय मी आयुष्यात पाहिला नाही. माउसच्या पोटाला एक बारीक बटण असते. झोपताना ते बंद करायचे.

"किंवा मी आतूनच सांगून ठेवतो," प्रिह म्हणाला, "की माउसनं कितीही हाका मारल्या तरी उठायचं नाही. म्हणजे तुम्हाला लक्षात ठेवायलाच नको."

"नको, नको," पाक वागिनो घाईने म्हणाले. "आधीच एवढा त्रास दिला तुम्हाला. बटण बंद करीन मी. दिवेवाला आहे. बंद-चालू करायला मला शिकवायचं नाही."

सगळे हसलो. चहा झाला. चमेलीचा, साखरेच्या पाकासारखा गोड. निघताना त्यांनी प्रिहच्या हातात केळ्यांची फणी दिली आणि रस्त्यापर्यंत आमच्याबरोबर आले. मागे वळून पाहिले तेव्हा ते अजून तिथेच उभे होते.

पुढच्या चार सकाळी गाडीत पांढरा दिवा नीट श्वास घेत होता. पाचव्या सकाळी पाहिंग. मी मुद्दाम त्यांच्या शेजारी जागा धरली. त्यांनी ओढणीची कड उचललीच नाही. मीच उचलली.

दिवा गेलेला होता.

"बटण विसरलात?"

ते खिडकीबाहेर पाहू लागले.

मला राग आला, खोटे कशाला बोलू. माझे दिवसभराचे डोके, प्रिहची मूठ. आणि त्यापेक्षा, तिकडे ती बाई मुकी बसणार आणि हा माणूस तिच्याशेजारी मुका बसणार, याचा राग. मी मुलीला निरोप पाठवला की उशीर होईल, आणि त्यांच्याबरोबर उतरले. त्यांनी नको म्हटले नाही. भीड पडली असावी.

वृद्धाश्रम भाताच्या गिरणीच्या मागे आहे. लांब व्हरांडा, वेताच्या खुर्च्यांची ओळ. शेवटच्या खुर्चीत बू सुमीराह बसल्या होत्या. अंगाने काडी राहिल्या आहेत, पण पाठ अशी ताठ की खुर्चीला टेकत नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. दोघांकडे सारखेच.

पाक वागिनोंनी स्टुलावर लॅपटॉप ठेवला, झाकण उघडले. पडदा काळा. त्यांनी लांब बटण एकदा दाबले, ओळखीच्या घराची कडी वाजवावी तसे. काही झाले नाही. मग ते बू सुमीराहंच्या खुर्चीच्या बाजूला, जरा मागे, खाली फरशीवर बसले. मला भिंतीवरचा प्लग दिसत होता. मी तोंड उघडले, तर त्यांनी मान हलवून मला थांबवले.

पलीकडच्या खुर्चीतली आजी शेंगा सोलत होती. गिरणीची घरघर येत होती.

मग बू सुमीराह पुढे झुकल्या. काळ्या पडद्याकडे पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी मान किंचित वळवली, बाजूला, जिथे रंगमंच असता तर विंग असती तिकडे, आणि दबक्या, करकरीत आवाजात हाक मारली. तो राणीचा आवाज नव्हता.

"गिनो!"

पाक वागिनो हलले नाहीत.

"ए गिनो, मेल्या, दिवा गेला. कुठं तडमडलास?"

"आलो, आलो."

"लोक बसलेत समोर. पंप मार."

"मारतोय. बत्तीची जाळी नवी आहे, वेळ लागेल."

"रोज हेच सांगतोस."

"रोज नवीच असते."

"थट्टा पुरे. आणि लांब उभा राहा. हात काळे असतील तुझे, माझ्या जरीला लागतील."

"लांबच आहे."

त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे घातले होते.

"जेवलास?"

"नाही अजून."

"पेटाऱ्यामागं तेंपे झाकून ठेवलाय. गोंदोला सांगू नकोस, एकटा संपवतो तो."

"नाही सांगत."

"आला का दिवा?"

"येतोय, मिराह. थोडं थांब."

"थांबलेय मी," बू सुमीराह म्हणाल्या, आणि खरोखरच अंधाराकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून थांबल्या. हळूहळू त्यांच्या कपाळाची आठी गेली. थोड्या वेळाने त्यांचे डोळे शेंगा सोलणाऱ्या आजीकडे वळले आणि त्या पुन्हा कोणीच नव्हत्या. पाक वागिनो मात्र तसेच बसून होते, कान तिकडे लावून.

आम्ही फाटकापर्यंत चालत आलो.

"सुरुवातीला दिवा जायचा तेव्हा आम्ही दोघं नुसतं बघत बसायचो," मग ते म्हणाले. "म्हणून मासला बोलावलं. तो येऊन गेला आणि पुढच्या वेळी तिनं हाक मारली. तेव्हापासून मारते. दर वेळी नाही. पण मारते."

"मग रोजच बंद ठेवा की. रोज हाक मारेल."

ते थांबले. मी वर्गात काहीतरी फार चुकीचे उत्तर दिल्यासारखे त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"रोज दिवा गेला तर ती नाटक कधी करणार, बू गुरू? राणी आहे ती."

गाडी आली. चढताना ते वळून म्हणाले, "मास प्रिहला सांगू नका. एवढी मेहनत घेतली त्यानं. वाईट वाटेल."

मी प्रिहला सांगितले नाही. तो विचारतो तेव्हा मी सांगते, झाले बरे.

पाक वागिनो अजून त्याच वळणावरच्या घरात एकटे राहतात. रोज संध्याकाळी तार काढून लॅपटॉपचे झाकण मिटतात आणि माउस उलटा करून त्याच्या पोटाचे बटण बंद करतात. पाहिंगच्या आदल्या रात्री करत नाहीत.